दिव्यांच्या शेपट्या

आपल्या मुलाची बुद्धी, आपल्या घरचे लोणचे आणि आपण स्वतः काढलेले छायाचित्र, या तीन वस्तूंविषयी दुसऱ्याचे मत विचारू नये, असे आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी आम्हांस कधी सांगितले नाही. पहिल्या दोहोंविषयीचे शहाणपण आम्ही यथाकाल अनुभवाने मिळवले. तिसरे राहिले होते. ते गेल्या कार्तिकात मिळाले, आणि त्याची किंमत आमच्या अपेक्षेहून अंमळ जास्त पडली.

आम्ही मालवणास राहतो. दिवाळीच्या सुटीत कॉलेजचा व्याप नसतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेवढे कोपऱ्यात बसून आमच्याकडे डोळे वटारीत असतात. त्यांची नजर चुकवून संध्याकाळी धक्क्यावर जावयाचे, हा आमचा सुटीतला नेम. त्या दिवशी गळ्यात कॅमेरा होता. हा कॅमेरा जुन्या वळणाचा आहे. हल्लीच्या यंत्रांस धरणाऱ्याचा हात सावरून घेण्याची जी विद्या येते, ती त्यास येत नाही. तो प्रामाणिक आहे, म्हणजे मूर्ख आहे, असे आमचा भाचा म्हणतो.

सिंधुदुर्ग हा दिवसा पाहावयाचा किल्ला नव्हे, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. दिवसा तेथे होड्या भरभरून माणसे जातात, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींत वाकून पाहतात, शिवराजेश्वराच्या देवळात हात जोडतात, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हातापायांचा ठसा पाहून क्षणभर गप्प होतात आणि सोलकढीच्या ओढीने परत फिरतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु शेवटची होडी परत आली, धक्क्यावरचा कालवा निवला आणि सूर्य किल्ल्याच्या उजव्या अंगास मोकळ्या दर्यात बुडून वीसएक मिनिटे लोटली म्हणजे हा किल्ला पुन्हा किल्ला होतो. तट काळा पडतो. आकाश वर जांभळे व खाली केशरी, पाणी शिशासारखे. मध्ये नांगरलेल्या होड्यांवर एकेक दिवा लागू लागतो. ओल्या जाळ्यांचा व सुक्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर येतो. तो मात्र छायाचित्रात येत नाही, आणि परगावच्या पाहुण्यांच्या मते हेच छायाचित्रकलेचे मोठे उपकार होत.

आम्ही कॅमेरा डोळ्यास लावला. भिंगाचे तोंड होते तेवढे उघडले, यंत्राची प्रकाशग्रहणाची शक्ती ८०० पर्यंत चढवली, तरीही काटा सेकंदाच्या आठव्या भागावर येऊन थांबला. जाणत्यांचा एक ठोकळ नियम आहे, की भिंग ५० मिलिमीटरचे असेल तर हातात धरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ पडदा उघडा ठेवू नये. ठेवल्यास चित्र हलते. आम्हांस हा नियम ठाऊक होता. परंतु नियम हे नवशिक्यांसाठी असतात, अशी आमची त्या क्षणी समजूत होती. आम्ही कोपरे पोटाशी घेतली, अर्धा श्वास सोडला, उरलेला रोखला आणि कळ दाबली. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर चित्र उमटले. ते पाहून आमची छाती जी भरून आली, ती घरी पोहोचेपर्यंत रिकामी झाली नाही.

पहिला अभिप्राय घरचाच. आमच्या कुटुंबाने हात पदरास पुसून चित्र हाती घेतले, ते थोडे लांब धरले, पुन्हा जवळ आणले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ त्या पाहत राहिल्या असे आम्हांस वाटले, आणि आम्ही त्याचा अर्थ आमच्या सोयीचा लावला. "छान आहे," त्या म्हणाल्या, आणि चहा आणावयास आत गेल्या.

दुसरा अभिप्राय भाच्याचा. हे चिरंजीव पुण्यास इंजिनिअर असून सुटीपुरते आजोळी आले होते. त्यांनी चित्र संगणकाच्या मोठ्या पडद्यावर चढवले आणि दोन बोटांनी असे ताणले की किल्ल्याचा एकेक बुरूज घंगाळाएवढा झाला. "मामा, आकाशात रवाळ कण फार आलेत. आणि सगळेच हललंय." आम्ही म्हटले, "तट मुळातच नागमोडी आहे." हे खोटे नव्हते. सिंधुदुर्गाचा तट सरळ कोठेच नाही. तो वळणे घेत, बुरूज पुढे काढीत जातो. भाचा हसला. "तट नागमोडी आहे हो, पण क्षितिजही नागमोडी आहे का?" मग त्याने आपला मोबाईल काढून आदल्या संध्याकाळी त्याच धक्क्यावरून, तसाच हातात धरून घेतलेले चित्र आमच्यापुढे ठेवले. आकाश निळेशार, तटाचा चिरा नि चिरा वेगळा, होड्यांची नावे वाचून घ्यावी. त्या यंत्राची युक्ती अशी, की ते एक लांब चित्र न घेता भराभर अनेक आखूड चित्रे घेते, ती एकावर एक नेमकी बसवते, त्यांतील कण परस्परांत जिरवून टाकते, आणि धरणाऱ्याचा हात किती हलला याचा हिशेब स्वतःशीच मिटवते. चित्र निर्दोष होते. फक्त त्यात संध्याकाळ नव्हती. हे आम्ही बोलून दाखवले, तेव्हा "असं सगळेच हरलेले म्हणतात," असे उत्तर मिळाले.

तिसरा अभिप्राय इतिहासाच्या एका सहकाऱ्यांचा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "हा किल्ला आहे की मगर?" आणि पाठोपाठ, "दरवाजा कुठे आहे?" आम्ही म्हणालो, दरवाजा दिसत नाही हीच तर त्या दरवाजाची करामत. दोन बुरुजांच्या बगलेत तो असा दडवला आहे की अगदी जवळ गेल्याखेरीज परक्या गलबतास आत कोठून शिरावे ते उमगू नये. हे त्यांस आमच्याहून चांगले ठाऊक होते. परीक्षकाची सवय म्हणून त्यांनी विचारले इतकेच. पुढे अर्धा तास त्यांनी आमच्या चित्राकडे पाहिलेही नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर महाराजांनी पायाभरणी केली, हिरोजी इंदुलकरांनी काम उभे केले, पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगतात, आणि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत जे बारा मराठी किल्ले गेले त्यांत हा एक, हे सर्व चित्राखाली बारीक अक्षरांत छापावे अशी त्यांची सूचना होती. तेवढे छापल्यावर वर चित्राची गरज उरेल काय, हे आम्ही विचारले नाही.

येथे आमच्या धंद्याविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गेली सुमारे तीस वर्षे आम्ही लाल शाईने मुलांच्या निबंधांच्या समासात अभिप्राय लिहीत आलो आहोत. त्यांत आमचा लाडका शब्द 'अस्पष्ट' हा होय. पोराने रात्र जागून लिहिलेल्या पानावर तो शब्द लिहावयास आम्हांस एक क्षण पुरतो. आता तोच शब्द, निरनिराळ्या वेषांत, आमच्याच पानावर येऊन बसला होता, आणि आम्ही त्याच पोरासारखे मनात म्हणत होतो, की यांस कळलेच नाही. अलीकडे दोन-तीन विद्यार्थी आमचा शेरा घेऊन आले होते व "सर, हे काय लिहिलंय?" असे विचारून गेले होते, हेही त्या वेळी आठवले. आजच्या मुलांस हस्ताक्षर वाचता येत नाही, असे आम्ही त्यांस ऐकवले होते.

असो. तज्ज्ञाचेच मत घ्यावे, म्हणून चौथ्या दिवशी आम्ही बाजारपेठेतल्या एका जुन्या फोटोवाल्याकडे गेलो. हे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली रसायनांत बोटे घालून त्यांची उमर गेली. आता दुकान मुलगा पाहतो व हे बाहेर खुर्ची टाकून बसतात. मालवणातील निम्म्या लग्नांतल्या नवऱ्या मुलींची हनुवटी यांनी स्वतःच्या बोटाने वर केलेली आहे. चित्र आम्ही कागदावर छापून नेले होते. ते म्हणाले, "बसा सर. वायच थांबा, चष्मो बदलतंय." चष्मा बदलला, वर गणपती पाहावयाचे असते तसले एक भिंग डोळ्यास लावले, आणि चित्राच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत शेतातून आते चालावे तसे हळूहळू ते गेले. किल्ल्यापाशी ते थांबलेसुद्धा नाहीत. थांबले ते दिव्यांपाशी.

"फोटो बरो आसा. रंग बरे इलेत. पण ह्ये दिवे बगा. सगळ्यांक एकच शेपटी."

आम्ही भिंगातून पाहिले. प्रत्येक दिवा हा ठिपका नसून एक लहानशी रेघ होती; आधी उजवीकडे चढलेली, मग खाली वळलेली, मग पुन्हा किंचित वर. अर्धवट सोडलेल्या स्वल्पविरामासारखी. आणि ती प्रत्येक दिव्यास तंतोतंत तीच होती.

"होडयेत बसान काढलात काय?"

"नाही. धक्क्यावर उभे राहून."

"मगे होडये हलल्ये म्हणूक गावाचा नाय. दर होडयेचा हलणा येगळा. आणि ह्यो बगा," त्यांचे नख चित्राच्या डाव्या टोकास गेले, "ह्यो धक्क्यावरच्या खांबाचो दिवो. खांबाक काय पाय नसतत. तेच्या दिव्याकय तीच शेपटी." त्यांनी भिंग खाली ठेवले. "ही तुमची सही, सर." मग, अगदी हळू, शेजारच्या दुकानात ऐकू जाणार नाही अशा बेताने: "हात कधीपासून हलता?"

आम्ही हात कोटाच्या खिशात घातला. वास्तविक कार्तिकात मालवणास कोट घालण्यासारखी थंडी नसते; तो आम्ही तज्ज्ञाच्या भेटीस म्हणून चढवला होता. आम्ही काहीसे हसून म्हणालो, की कॅमेरा जड आहे. ते मान डोलावून म्हणाले, "आसात, आसात," आणि चित्र दोन्ही हातांनी, आदराने, परत दिले.

छायाचित्रणाच्या आरंभी हा प्रसंग कोणावर ओढवला नसता. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका रस्त्याचे चित्र घेतले, त्यास कित्येक मिनिटे लागली. रस्ता गाड्याघोड्यांनी गजबजलेला असून चित्रात ओस दिसतो, कारण जे हलत होते ते काचेआडच्या पत्र्यावर उमटलेच नाही. उमटला तो एक मनुष्य, जोड्यास पॉलिश करून घेण्यापुरता जागेवर उभा राहिलेला. पुढे मुंबईस १८५४ साली फोटोग्राफीची मंडळी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हेही त्या कलेत शिरले. पण त्या काळचे कॅमेरे तीन पायांच्या घोडीवर बसत, माणसाच्या मुठीत नव्हे. १८८८ साली ईस्टमन याने आपला कोडॅक हातात धरावयाचा केला, आणि तेव्हापासून चित्रात समोरच्या वस्तूबरोबर धरणाऱ्याचा हातही येऊ लागला. घरी परतताना वाटेत आम्ही हाच विचार करीत होतो असे सांगितले तर ते विद्वत्तेस शोभेल. परंतु खरे सांगावयाचे तर आमच्या मनात एकच शब्द होता, तो म्हणजे कंपवात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांस आम्ही त्या रोगाने हळूहळू लाकूड होताना पाहिले होते. त्यांचा चेहरा शेवटी कोणास काही सांगेनासा झाला होता.

त्या संध्याकाळी चहा आला. कप अर्धा होता. आम्ही कपाकडे पाहिले, आणि आठवू लागलो की भरलेला कप आमच्यापुढे शेवटचा केव्हा आला.

"हे केव्हापासून?"

"काय?"

"अर्धा कप."

त्या लगेच बोलल्या नाहीत. बशी सरळ केली, मग म्हणाल्या, "अहो, वर्ष झालं. बशीत सांडू लागला तेव्हापासून."

"मग सांगितले का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही फोटो कसा आहे विचारलंत. फोटो छान आहे."

वर्षभर ही बाई दिवसातून चार वेळा अर्धा कप ओतीत होती, आणि आम्ही त्यास काटकसर, विसराळूपणा, क्वचित दुधाची टंचाई अशी नावे देत होतो. सदऱ्याची बटणे जाऊन त्या जागी मोठी बटणे आली होती. ती शिंप्याची आवड असावी असा आमचा समज होता. ताटात आमटीची वाटी हल्ली आमच्या इतकी जवळ का असते, याचा तर आम्ही विचारच केला नव्हता. इतके अभिप्राय घरात उघडे पडलेले असता आम्ही चित्र घेऊन गावभर हिंडत होतो.

पुढचे तीन-चार दिवस कसे गेले ते सांगण्यात स्वारस्य नाही. रात्री झोप येत नसे. आली तर स्वप्नात सही करावयास सांगत. भाच्यास काही सांगितले नव्हते, पण त्यास कळले असावे, कारण तो अचानक आमच्या बाबतीत फार सभ्य झाला. शेवटी फोंडाघाट चढून आम्ही कोल्हापुरास मज्जातंतूंच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रथम आमचे दोन्ही हात मांडीवर ठेवावयास सांगितले व गावच्या पाऊसपाण्याच्या गोष्टी काढल्या. हात शांत होते. मग ते पुढे ताणून धरावयास सांगितले, बोटे थरथरली. एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतविले. मग कोरा कागद पुढे करून म्हणाले, "मधून सुरुवात करा आणि गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढत बाहेर या. हात कागदावर टेकू नका." आम्ही काढली. ती रेघ पुरी होण्यापूर्वीच आम्ही ओळखली. कागदावर सगळीकडे धक्क्यावरचे दिवे लागले होते.

डॉक्टरांनी सांगितले ते थोडक्यात असे. आम्ही ज्यास भीत होतो तो हा रोग नव्हे. त्यात हात बहुधा विसाव्याच्या वेळी कापतो. आमचा कामाच्या वेळी कापतो. हा कंप पुष्कळदा घराण्यातून येतो, सेकंदास चार ते बारा वेळा असा त्याचा ठेका असतो, त्याने जिवास धोका नाही, वाढलाच तर सावकाश वाढतो, आणि फार त्रास झाल्यास गोळी आहे. आम्ही मनाशी हिशेब केला. पडदा सेकंदाचा आठवा भाग उघडा होता. तेवढ्यात एक हेलकावा, फार तर दीड. एक शेपटी. फोटोवाल्याने कोणताही हिशेब न करता ती वाचली होती.

"वडिलांना होतं का?" डॉक्टरांनी विचारले.

आम्ही नाही म्हणणार होतो. मग डोळ्यांपुढे आमचे वडील आले, शेवटच्या दहा वर्षांतले, फुलपात्र दोन्ही हातांनी धरून पाणी पिणारे. तीर्थ घ्यावे तसे ते पाणी पीत. आम्हां भावंडांस ते त्यांच्या सोवळेपणाचे लक्षण वाटे, आणि आमच्या धाकट्या बहिणीने तर ती सवय भक्तीने उचललीही होती. त्यांनी कधी काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

"आणि चहा कमी करा," निघताना डॉक्टर म्हणाले, "त्यानं कंप वाढतो." आमच्या कुटुंबाने हे ऐकून खिडकीबाहेर पाहिले. विजय मिळाल्यावर बाहेर पाहणे ही त्यांची जुनी रीत आहे.

परत आल्यावर आम्ही पहिल्यांदा काय केले म्हणाल तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडले, आणि शेरे संगणकावर टंकून, छापून, पानापानास जोडावयास सुरुवात केली. त्यास वेळ फार लागतो. वेळ लागत असल्यामुळे 'अस्पष्ट' एवढे टंकून थांबता येत नाही. काय अस्पष्ट, ते लिहावे लागते. एका मुलीस आम्ही अर्धे पान लिहिले. ती येऊन विचारून गेली, की सर, तुम्ही रागावला आहात का.

तुळशीचे लग्न झाले, भाच्याची सुटी संपली. एका दुपारी आमच्या कुटुंबाने जुन्या गादीपाटाच्या कापडाची एक वीतभर पिशवी शिवून तीत उकडे तांदूळ भरले, पाऊण भाग, म्हणजे दाबली असता दबेल व घातला तो आकार घेईल अशी. फोटोवाल्याच्या दुकानावरून जाताना त्यांनी ही युक्ती विचारून घेतली होती, हे आम्हांस मागाहून समजले. ती पिशवी घेऊन दोघेही धक्क्यावर गेलो. कठड्यावर पिशवी, पिशवीत कॅमेरा कोंबडी अंड्यावर बसावी तसा बसवलेला, आणि कळ दाबावयाचे काम दहा सेकंदांनी आपोआप करणाऱ्या कळसूत्राकडे. आम्ही दोन पावले मागे उभे राहिलो. हात मोकळे होते, आणि कापत होते की नाही ते पाहावयाचे आम्ही विसरलो. सूर्य बुडाला होता. तट काळा पडला होता. होड्यांवर दिवे लागत होते. यंत्राने चार सेकंद डोळा उघडा ठेवला व मिटला. खांबावरचा दिवा ठिपका होऊन आला. होड्यांचे दिवे मात्र आता आपापल्या लाटेने हलले होते, प्रत्येकाची शेपटी निराळी.

ते चित्र आम्ही त्याच रात्री भाच्यास पाठवले. दहा मिनिटांत त्याचा निरोप आला. मामा, सुंदर, एकही चिरा हललेला नाही. फक्त क्षितिज डावीकडे कललंय. असंच ठेवलंत तर सगळा दर्या मालवणच्या बाजारात उतरेल.

आम्ही चित्र आडवे धरून पाहिले. कलले होते. कठड्याचा तो दगडच तसा आहे. उद्या पिशवीच्या डाव्या अंगास आणखी मूठभर तांदूळ सारावे लागतील.